जेवढं घडलं तेवढंच

माझा मुलगा अजून फिटच्या गोळ्या घेतो. सकाळी एक, रात्री एक. हे आधीच सांगून टाकते, कारण मी ख्रिस्ताकडे कशी वळले ती माझी साक्ष ऐकायला बसलेली माणसं 'आणि मग गोळ्या सुटल्या' या वाक्याची वाट बघत असतात. गोळ्या सुटलेल्या नाहीत. सुटलं ते दुसरंच, आणि ते चार माणसांत सांगायला, त्याहून म्हणजे घरातल्यांना सांगायला, मला बराच काळ लागला.

मी ठाण्यात कोर्टनाक्याला टायपिंगचं काम करते. आधी मराठी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि कुरकुरणारा प्रिंटर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, हातउसन्या पैशांच्या नोटिसा. राहायला कळव्याला. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. आमचे हे टीएमटीत कंडक्टर आहेत. थोरले दीर आणि जाऊबाई दिव्याला असतात. सासूबाई सहा महिने गावी, सहा महिने आमच्याकडे.

मुलगा सात वर्षांचा असताना गणपतीत, गावच्या घरी, आरती चालू असताना त्याला पहिली फिट आली. आधी हातातली झांज पडली, मग तो. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. यातल्या कशाचाही उपयोग नसतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सारायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट इस्पितळ. माझं बाकीचं पटलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा.

त्या संध्याकाळी गावातल्या भगताने सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "हे घरातलंच आहे." घरातलंच म्हणजे कुणाचं, ते त्याने उच्चारलं नाही. उच्चारायची गरजही नव्हती. जाऊबाईंना मूलबाळ नाही.

पुढची काही वर्षं मी थोडक्यातच सांगते, कारण ज्याच्या घरात हे झालंय त्याला ते पाठ असतं आणि ज्याच्या घरात झालेलं नाही त्याला ते खरं वाटत नाही. लिंबं, नारळ, काळी बाहुली, उंबऱ्यात ठोकलेला खिळा. एका विधीला अकरा हजार, तेही ह्यांनी पतपेढीतून उचललेले. डॉक्टरांनी चालू केलेल्या गोळ्या बुवाच्या सांगण्यावरून बंद व्हायच्या, पुन्हा फिट यायची, पुन्हा नवा बुवा. जाऊबाई घरी आल्या की मुलाला मी शेजारी पाठवायचे. एका दिवाळीला त्यांनी डबाभर करंज्या करून आणल्या होत्या. त्या मी दुसऱ्या दिवशी कामाला जाताना कळव्याच्या पुलावरून खाडीत टाकल्या आणि डबा घासून परत पाठवला.

माझ्या टेबलालाही तेव्हा लिंबू-मिरची टांगलेली असायची. पेन्शनच्या कागदासाठी एक निवृत्त गुरुजी यायचे. मूळचे नगर जिल्ह्यातले, ठाण्यात लेकीकडे राहायला आलेले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. कागद छापून होईपर्यंत त्यांनी त्या लिंबाकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, कुणाची भीती वाटते?"

तोवर मला सगळ्यांनी विचारलं होतं, कुणाचा संशय आहे. भीती कुणाची वाटते हे कुणीच विचारलं नव्हतं. मी भडाभडा बोलले. गुरुजींनी उपदेश केला नाही, लिंबू काढा म्हणाले नाहीत. मुलाचं नाव विचारून घेतलं आणि म्हणाले, "मी त्याच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का? इथं नको, घरी करीन." पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी मुलाची चौकशी नावाने केली. मग कधीतरी लूकचं शुभवर्तमान दिलं, म्हणजे बायबलमधली लूकने लिहिलेली येशूची हकीकत. पातळ पुस्तिका, खिशात मावेल अशी. आणि मी मागितली म्हणून प्रभूची प्रार्थना एका कोऱ्या कागदावर लिहून दिली. अक्षर मास्तरांचं, प्रत्येक रेघ सरळ.

टायपिस्टला न वाचता वाचायची सवय असते. डोळे अक्षरांवर, डोकं भलतीकडे. लूकचं पुस्तक मी जेवणाच्या सुट्टीत तसंच वाचत होते. पण त्यातली भुतं येशूला घाबरतात, हे वाचून मी थांबले. माझ्या आयुष्यात तोवर सगळे जण भुतांना घाबरणारेच होते. बुवासुद्धा. तो तर जास्तच, त्याचे ताईत मोजले तर गळा दिसत नव्हता.

मग ती रात्र आली. फिट थांबेना. पालिकेच्या इस्पितळात मुलाला इंजेक्शन दिलं, तो झोपला, मी खाटेशेजारी स्टुलावर. पर्समध्ये गुरुजींचा कागद होता. तो काढून मी हळू आवाजात म्हणायला लागले. पित्या, तुझं नाव, तुझं राज्य, आजची भाकर, इथवर नीट गेलं. पुढे येतं की जसं आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. कर्जाच्या नोटिसा मी इतक्या टाइप केल्यात की ऋण सोडणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. येणं बाकी आहे, कागद आपल्या हातात आहे, आणि तरी आपण तो फाडतो. समोर जाऊबाईंचा चेहरा आला आणि माझी जीभ अडली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडले. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. पहाटेकडे कधीतरी ते वाक्य तोंडातून पुरं झालं.

उजेड वगैरे पडला नाही. आवाज आला नाही. सकाळी सिस्टर सलाईन बदलायला आल्या आणि "बाळ बरा आहे, रडू नका" म्हणाल्या, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी मुलासाठी रडतच नव्हते. जाऊबाईंसाठी रडत होते.

घरी आल्यावर उंबऱ्यातला खिळा ह्यांच्याकडून उपटून घेतला. बुवा संपले, म्हणून गोळ्या वेळच्या वेळी जायला लागल्या, आणि गोळ्या वेळच्या वेळी जायला लागल्या म्हणून फिट कमी झाल्या. याला कुणी चमत्कार म्हणत असेल तर म्हणो. मी त्याला नियमित औषध म्हणते आणि त्यासाठी देवाचे आभार मानते. माझ्यापुरता चमत्कार वेगळा आहे. दिवा लावून झोपणारी बाई अंधारात झोपायला लागली.

बाप्तिस्मा लगेच झाला नाही. गुरुजींनी ज्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेलं तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, वर्षाच्या वर थांबायला लावलं. वर्गाला बसायचं, प्रश्न विचारायचे, घरच्यांशी बोलायचं. पाळक स्वतः आमच्याकडे येऊन ह्यांना भेटले. हे म्हणाले, "तिला बरं वाटतंय ना, मग जाऊ दे. मला ओढू नका म्हणजे झालं." नाव मी बदललेलं नाही. धर्मबदलाच्या गॅझेटचे अर्ज मी दुसऱ्यांसाठी कितीतरी भरलेत, त्यामुळे लोकांना वाटतं मी स्वतःचं सगळं बदलून घेतलं असणार. मंगळसूत्र आहे, टिकली आहे. एका भगिनीने टिकलीवरून हटकलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं की नवरा हयात आहे. तिला ते पटलं नाही. तिच्या मताला तिच्यापाशी कारणं असतील, पण माझं कपाळ बघून कुणी ख्रिस्ताकडे येणारही नाही आणि जाणारही नाही.

आता मूळ मुद्दा.

बाप्तिस्मा झाल्यावर काही दिवसांनी पाळक म्हणाले, रविवारी उपासनेत साक्ष द्या. आमच्याकडे साक्षीची एक ठरलेली घडण असते: आधी मी कशी होते, मग प्रभू कसा भेटला, आता कशी आहे. घडणीबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रार्थनासभांतून मी साक्षी ऐकत होते आणि माझं कोर्टनाक्याचं डोकं आतल्या आत नोंदी करत होतं. एका बंधूंची साक्ष मी तीनदा ऐकली. पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलं होतं की केस कठीण आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हात टेकले होते. तिसऱ्या खेपेला घरच्यांनी नातेवाइकांना बोलावून घेतलं होतं. माणूस खोटारडा नव्हे. टाळ्या आणि 'हालेलुया' मिळत गेले की गोष्ट फुगतेच. पण असा साक्षीदार उलटतपासणीत दहा मिनिटंही टिकत नाही. कोर्टात तोंडी पुराव्याचा पहिला नियम आहे की ज्याने बघितलं त्याने बघितलेलं सांगावं, ज्याने ऐकलं त्याने स्वतः ऐकलेलं सांगावं. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो होता, आणि जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला त्यातही तो आहे.

म्हणून मी माझी साक्ष टाइप केली. प्रतिज्ञापत्र करतात तशी, परिच्छेदांना आकडे घालून. मग पेन घेऊन बसले. 'डॉक्टरही चकित झाले' हे काटलं, कारण डॉक्टर अजिबात चकित झाले नव्हते. गोळ्या वेळेवर घेतल्या की असंच होतं, असं ते पहिल्यापासून सांगत होते. 'करणीचं बंधन तुटलं' हे काटलं. करणी नव्हतीच, तर तुटणार काय? 'सगळ्या समाजाने छळलं' हेही काटलं. छळलं कुणी नाही. दोन-तीन जणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, एवढंच. शेवटी पानभरही मजकूर उरला नाही. भीती होती, द्वेष होता, एका रात्री एक वाक्य म्हणता आलं, भीती गेली. मुलगा औषधावर आहे.

वाचून झाल्यावर टाळ्या जेमतेम पडल्या. बाहेर चहाच्या वेळी एक ताई माझा हात धरून म्हणाल्या, "गोळ्या बंद करून बघा. विश्वास कमी पडतोय." आणि शुभवर्तमानातली ती फिट येणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकवली, जणू मला ती ठाऊकच नव्हती. ती गोष्ट मी ज्या अवस्थेत वाचली आहे त्या अवस्थेत फार थोड्यांनी वाचली असेल. मार्कने लिहिलंय तिथे मुलाला येशूकडे घेऊन आलेला बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. दोन्ही एका दमात. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात अल्पविश्वासाबद्दल जो बोल बसतो तो शिष्यांना, ज्यांना त्या मुलाला बरं करता आलं नाही त्यांना. मुलाच्या बापाला येशू तिथे एका शब्दाने टोचत नाही. हे मी त्या ताईंना सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आपल्या राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा बुवाला एक आणि पाळकाला एक असा भेद करत नाही. ताई नाराज झाल्या. पाळक मात्र झाले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून बजावलं की प्रार्थना जरूर मागा, औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करायचं नाही.

पवित्र शास्त्रातली माझी आवडती साक्ष योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि त्याची चौकशी बसते. परूशी, म्हणजे धर्मनियम कडक पाळणारे यहुदी पुढारी, त्याला बोलावतात, मग त्याच्या आईबापांना बोलावतात. आईबाप घाबरून सांगतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. मग त्याला दुसऱ्यांदा बोलावतात आणि तेच तेच पुन्हा विचारतात. हे सगळं मी कोर्टात रोज ऐकते: नातेवाइकांचं अंग काढून घेणं, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारणं. तो माणूस बधत नाही. येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, म्हणतो. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. जेवढं माहीत आहे तेवढं बोलतो आणि त्यावरून हलत नाही.

तेव्हापासून बाहेर कुणाशी बोलताना माझे काही नेम ठरून गेले. पहिला माझ्या टेबलाचा. कामासाठी आलेल्या माणसापुढे मी विषय काढत नाही. तो अडलेला असतो, त्याचा कागद माझ्या हातात असतो, त्याला माझं ऐकून घेणं भाग असतं. अशा वेळी सांगितलेली गोष्ट मोकळेपणी ऐकलीच जात नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा अधिकार दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. त्यावर सुप्रीम कोर्टाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस प्रकरणात म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आमच्यातल्या काहींना तो निकाल डाचतो. मला डाचत नाही. सांगणं माझ्या हातात आहे, पुढचं कधीच माझ्या हातात नव्हतं.

तरी लोक विचारतात. घटस्फोटाच्या कागदांसाठी आलेली एक मुलगी रडत होती. तिला पाणी दिलं, कागद पुरा केला, पैसे घेतले. जाताना तिनेच माझ्या मॉनिटरवर चिकटवलेल्या कागदाबद्दल विचारलं. तो गुरुजींच्या अक्षरातला कागद, आता प्लास्टिक घालून ठेवलाय. मी म्हटलं, साडेपाचनंतर आलात तर सांगेन. ती आली नाही. दुसरी एक आली, तिच्याबरोबर तलावपाळीला बसून शेंगा खाल्ल्या आणि बोललो.

"किती पैसे मिळाले?" हा प्रश्न सगळ्यात जास्त. आधी राग यायचा. आता सांगते की मिळत काही नाही, उलट दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला जातो. हे उत्तर आमच्या ह्यांच्यासमोर द्यायचं मी टाळते, कारण ते ऐकून हेच विचारणाऱ्यापेक्षा जास्त अस्वस्थ होतात.

आमच्या इमारतीतले एक काका, वाचनालयात बसणारे, मला म्हणाले, "इंग्रजांचा धर्म तुम्ही कशाला घेतलात?" मी त्यांना ठाण्याचंच सांगितलं. ज्या किल्ल्यात आज आपलं मध्यवर्ती कारागृह आहे तो इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला १७७४ मध्ये. आणि ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू मारले गेले एप्रिल १३२१ मध्ये. साडेचारशे वर्षं आधी. तेव्हाही ठाण्यात ख्रिस्ती घरं होती, पूर्वेकडच्या जुन्या सिरियन परंपरेतली, आणि हे साधू त्यांच्यातल्याच एकाकडे उतरले होते. ओडोरिक नावाच्या युरोपीय प्रवाशाने थोड्याच वर्षांत ती हकीकत लिहून ठेवली. ती वाचताना मी खुर्चीतच सरसावून बसले, कारण सुरुवात नवराबायकोच्या भांडणापासून आहे. घरधन्याने बायकोला मारलं. ती काझीकडे गेली. काझीने पुरावा मागितला, तर ती म्हणाली, चार पाहुणे साधू घरात होते, त्यांनी बघितलंय, त्यांना विचारा. पुढे त्यांना बोलावलं गेलं, गोष्ट मारहाणीवरून धर्माच्या वादावर गेली आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्यांचा सोबती जॉर्डन त्या वेळी ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला, आणि त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. मार खाल्लेल्या एका बाईच्या तक्रारीवरून सुरू झालेलं हे प्रकरण आपल्या गावातलं आहे, काका, लंडनचं नाही.

काका म्हणाले, "आणि पोर्तुगीजांनी काय केलं ते?" ते बरोबरच बोलत होते. या पट्ट्यात त्यांनी सक्ती केली, देवळं पाडली. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने ठाणं घेतलं तेव्हा लोकांना हायसं वाटलं असेल तर नवल नाही. मी तसंच म्हटलं. काकांची वादाची तयारी वाया गेली. पण त्यानंतर नाताळला ते केक घ्यायला स्वतः दारात येतात.

घरात मात्र इतिहास चालत नाही. सासूबाईंचा प्रश्न साधा होता: "आमचा देव काय कमी पडला गो तुला?" याला मी उत्तर दिलं नाही. त्यांच्या देवाबद्दल मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मी म्हटलं, "आई, मला रात्री झोप लागत नव्हती, आता लागते. ती कुणामुळे लागते तेवढंच मी सांगते." गणपतीला मी गावी जाते, मोदकांच्या कळ्या पाडायला घरात दुसरं कुणी नाही. आरतीला उभी राहत नाही, स्वयंपाकघरात असते. पहिल्या वर्षी यावरून रडारड झाली. दुसऱ्या वर्षी सासूबाईच कुणाला तरी सांगताना ऐकलं, "ती तिच्या देवाची आहे, पण मोदक तिच्याच हातचे." त्यांना वाचता येत नाही. फोनवर मराठी बायबल ऐकू येतं हे नातवाने त्यांना दाखवलं. दुपारी कडधान्यं निवडताना त्या लावायला सांगतात. त्यांना दावीद आवडतो, मेंढपाळ होता म्हणून. येशू घरी आल्यावर मार्था राबते आणि मरीया त्याचं ऐकत बसते, त्या गोष्टीत सासूबाई ठामपणे मार्थेच्या बाजूच्या आहेत. "बसून ऐकायला काय जातंय, जेवण कोण करणार होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

राहिल्या जाऊबाई.

लूकमध्ये एक भुतं लागलेला माणूस बरा होतो आणि येशूबरोबर होडीतून जायची परवानगी मागतो. येशू त्याला परत पाठवतो: घरी जा आणि तिथे सांग. पाळकांनी या भागावर प्रवचन केलं त्या दिवशी मला फार काही ऐकू आलं नाही. डोक्यात दिवा स्टेशन होतं. चर्चमध्ये माईकवर सांगणं सोपं. तिथे जिच्याबद्दल बोलायचं ती समोर नसते. माझ्या प्रतिज्ञापत्रात 'एका नातेवाइकाबद्दल मनात द्वेष होता' असं एक कलम होतं, आणि त्या नातेवाइकाला त्याची प्रत मिळालेली नव्हती.

शेवटी एका रविवारी दुपारी गेले. दीर बाहेर गेले होते. जाऊबाई जमिनीवर बसून कोळंबी सोलत होत्या, शेजारी पाण्याचं पातेलं, खाली वर्तमानपत्र. मी हात धुऊन समोर बसले आणि अर्धी कोळंबी माझ्याकडे ओढली. त्यांनी एकदा वर बघितलं, काही बोलल्या नाहीत. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढून टाकायचा. दहा-बारा सोलून झाल्यावर मी बोलायला लागले. भगत काय म्हणाला, मी काय धरून बसले, मुलाला शेजारी का पाठवायचे, करंज्यांचं काय केलं, सगळं. मग इस्पितळातली रात्र. ते वाक्य कुठे अडत होतं आणि कुणामुळे. आणि आता मी कुणाची आहे ते.

त्यांचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "करंज्या खाडीत टाकल्यास?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या, ताई."

"ओल्या नारळाच्या होत्या गो त्या. सुक्या खोबऱ्याच्या नव्हत्या." आणि उठून हात धुतले, आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं आता दार लागणार. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक काळी बाहुली होती, धूळ बसलेली, माझ्याकडे होती तशीच. त्याच भगताने त्यांनाही सांगितलं होतं की कूस बांधली आहे, आणि बांधणारी घरातलीच आहे. घरात दुसरी बाई मी एकटी होते.

बाहुली त्यांनी कोळंबीच्या सालींबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. ख्रिस्ताबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मीही आणखी काही सांगितलं नाही. जेवलो, भांडी घासली. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या.

"त्या तुझ्या प्रार्थनेत माझं नाव घेतेस?"

"रोज घेते."

"मूल मागू नको हां आता. वय झालं." मग कठड्याला धरून एक पायरी उतरल्या आणि तोंड वाकडं केलं. "गुडघ्याचं सांग."

"सांगते," मी म्हटलं, "पण बुधवारी कळव्याला या. आधी एक्स-रे काढू."